उमेशचा कॅमेरा

“मॅडम, नळी का दिसत नाहीये?”

कमल सिस्टरनं माझ्या खांद्यावरून वाकून विचारलं. टेबलावर अपेंडिक्सचा पेशंट होता. मी त्याला झोपवलं होतं, औषधानं त्याचा स्वतःचा श्वास थांबवला होता, आणि आता त्याच्या श्वासनलिकेत नळी घालायची घाई होती. माझ्या डाव्या हातातलं वाकडं पातं त्याच्या घशात होतं. पात्याच्या टोकाला कॅमेरा, मुठीवर मोबाइलएवढा पडदा. पडद्यावर स्वरतंतू लख्ख दिसत होते, दार उघडं टाकल्यासारखे. मी नळी आत सरकवत होते आणि पडद्यावर नळीचा पत्ताच नव्हता.

मी पडद्यावरची नजर काढली. “साधं पातं दे.”

सिस्टरनं ते हातात ठेवलं. खाली वाकून स्वतःच्या डोळ्यांनी घशात पाहिलं, तर नळी चक्क अन्ननलिकेच्या तोंडाशी. मागं घेतली, योग्य वाटेनं घातली. छाती दोन्ही बाजूंनी वर आली तेव्हा कुठं माझाही श्वास सुटला. मग ट्रेकडं पाहिलं. कॅमेऱ्याचं पातं हिरव्या कापडाकडं तोंड करून पडलं होतं आणि पडदा अजूनही तोच सुरेख, उघडा घसा दाखवत होता. चित्र गोठलं होतं. मघापासून मी जुनं चित्र बघून नळी घालत होते.

मी भूल देणारी डॉक्टर. आमच्या तालुक्याच्या गावात तेव्हा मी एकटीच होते. माझं स्वतःचं हॉस्पिटल नाही; ज्याला गरज लागेल त्यानं फोन करायचा आणि मी बॅग उचलून गाडी काढायची. लग्न कुणाचंही असो, भटजी तोच, तसा माझा प्रकार. पण कॅमेऱ्याचं ते यंत्र माझ्या बॅगेतलं नव्हतं. ते ट्रस्टच्या हॉस्पिटलचं होतं आणि त्याच्या पेटीवर पितळी पट्टी होती: ‘कै. उमेश विठोबा देवकर यांच्या स्मरणार्थ’. त्याला सगळे ‘उमेशचा कॅमेरा’च म्हणत.

चित्र गोठल्याचं मी डॉ. माळवदेंना त्याच दिवशी सांगितलं. ते तिथले सर्जन आणि हॉस्पिटलचे प्रमुखही. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मुठीच्या खाचेत नख घातलं. नखाला लाल लागलं.

“हे बघा! कुंकू.”

खंडेनवमी होऊन आठवडाही झाला नव्हता. थिएटरमधल्या सगळ्या कात्र्या-चिमट्यांची पूजा दरवर्षी कमल सिस्टर करायची, आणि उमेशच्या कॅमेऱ्याला जरा जास्तच भक्तिभावानं कुंकू लावायची. माळवदेंनी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ती बिचारी रडली. कुणीतरी ब्रशनं खाचा साफ केल्या, यंत्र सुरू केलं, ते झकास चाललं. झालं! निदान झालं, उपचारही झाला. हसू नका, मलाही ते पटलं होतं.

पटलेलं टिकलं ते पुढच्या सोमवारपर्यंत. त्या दुपारी कॅमेरा विकणाऱ्या मिरजेच्या डीलरचा फोन आला. आवाज घाबराघुबरा. “मॅडम, तो कॅमेरा वापरू नका. कंपनीनं हा सगळा माल परत मागवलाय. चालता चालता चित्र अडकतं, आणि अडकलंय हे पडदा सांगत नाही. बाहेर कुठं दोन पेशंट दगावलेत म्हणे. दवाखान्याला मेल केलीय, पण उत्तर नाही म्हणून तुम्हाला लावला.”

मी तशीच गाडी काढली.

माळवदे आपल्या खोलीत चहा घेत होते. मेल त्यांनी वाचली होती.

“आपला बिघाड तो नव्हे मॅडम. आपलं कुंकू होतं. तुमच्यासमोर काढलं की.”

“कुंकवानं चित्र गोठत नाही, सर. पडदा काळा पडला असता तर मी मानलं असतं.”

“त्यानंतर नीट चाललंय ना? मग? आणि उद्या मुमताज आत्तारचं ऑपरेशन आहे. गळ्याची गाठ बघितलीत? नारळाएवढी. श्वासनलिका एका बाजूला सरकलीय. हा कॅमेरा नसता तर मी तिला मिरजेलाच पाठवलं असतं. तो आहे म्हणून तर इथं घेतोय.”

“म्हणूनच म्हणते, मिरजेला पाठवा. अशा घशात गोठलेलं चित्र बघून नळी घातली तर बाई टेबलावर जाईल.”

“तुम्हाला भीती वाटत असेल तर तसं सांगा. शेजारच्या तालुक्यातून भूल द्यायला कोरेला बोलावतो. तरुण आहे, पडद्यावरच शिकलाय.”

माझी नस त्यांना बरोबर ठाऊक होती. मी हटून बसले तरी यंत्र ट्रेमध्येच राहणार, आणि ते हातात घेणारा कोरे मात्र साध्या पात्याला फारसा सरावलेला नाही. नुसतं ‘मी नाही’ म्हणून भागणार नव्हतं. ते यंत्रच तिथून हलायला हवं होतं.

“सर, यंत्र परत द्या. कंपनी बदलून देईल.”

“ते माझं थोडंच आहे?” माळवदेंनी कप खाली ठेवला. “भर कार्यक्रमात शब्द दिलाय मी उमेशच्या वडिलांना, देवकर आबांना, हे इथून हलणार नाही म्हणून. त्या माउलीला बघितलंय ना तुम्ही? दर वर्षी उमेशच्या तिथीला येते, यंत्राला ओवाळते. तिला तुम्ही सांगणार, की तुझ्या पोराच्या नावाची वस्तू भंगार निघाली?”

“सांगते,” मी म्हटलं.

“देवकरांनी स्वतः येऊन सांगितलं तर मी काढतो. आता बोला.”

त्यांना वाटलं, मी माघार घेईन. खरं सांगायचं तर पायऱ्या उतरताना मलाही तसंच वाटत होतं. पण रागानं माणूस बरंच अंतर कापतो. जाता जाता वॉर्डात डोकावले. मुमताज बांगड्या विकणारी. माझ्या हाताचं माप तिला तोंडपाठ. तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो हात जोडून म्हणाला, “साहब बोले, मशीन अच्छी है. अब मैं किसकी सुनूँ, मॅडम?” त्या भल्या माणसाला मी काय दोष देणार?

देवकर आबांचा बंगला गावाबाहेर होता. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, आणि त्यासाठी देशभर पांगलेली. गावाकडं बंगले बांधायचे आणि राहायचं परमुलखात. आबांची उमर तिकडं तमिळनाडूत, सेलमला भट्टीसमोर गेली. उमेश गेला आणि त्यांनी भट्टी पुतण्याच्या हवाली करून टाकली. उमेशचा अपघात झाला तेव्हा मी या गावात आलेच नव्हते. मला माहीत होतं ते ऐकीव. मोटारसायकलवरून पडला, जबडा मोडला, या हॉस्पिटलात नळी घालायचा प्रयत्न झाला, गेली नाही. वर्ष व्हायच्या आत आबांनी कॅमेरा आणून दिला, म्हणजे तशी पाळी परत कुणावर यायला नको.

आबा ओसरीवर बसले होते. मी जे होतं ते सरळ सांगितलं. ते ऐकून घेत होते, पण चेहरा हळूहळू बंद होत गेला.

“दुसरं देतील म्हनता?”

“देतील. चार-सहा महिन्यांत. पट्टीही त्यावर लावू.”

“दुसरं म्हंजे दुसरं, मॅडम. ह्ये मी सोता जाऊन आनलंय. बॉक्स मांडीवर घिऊन आलोय ट्रेनमधनं.” त्यांनी आत पाहिलं आणि आवाज उतरवला. “आन् हिच्या कानावर तर घालूच नका. वर्सातनं येकदा त्या मशीनला ओवाळती, तवा कुटं चार दिस नीट जेवती. ती त्याच्यावर जगतीया. तुमी ते काढून न्यायचं म्हनताय.”

“आबा, उद्या एका बाईच्या—”

“डाक्टर माळवदे हाईत की. ते बगतील.” ते उठले. “च्या घिऊन जावा.”

चहा नको म्हणून मी निघाले. संताप होता की कीव, मलाच सांगता येईना. गाडीपाशी पोहोचले तर बंगल्याच्या मागल्या अंगानं शेवंताकाकी आल्या. आबांच्या मंडळी. उमेशच्या आई. पदराच्या ओटीत भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि बोलता बोलता त्या फोडतच होत्या.

“कॅमेऱ्याचं काय म्हनत हुता?”

“आबांनी तुम्हाला सांगू नका म्हटलंय, काकी.”

“मग सांगा.”

मला हसू आलं आणि मी सांगितलं. त्यांना कळेल अशा शब्दांत. घशात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं म्हणून आम्ही पडद्याकडं बघतो. हा पडदा मधेच थांबतो. आत सगळं बदललेलं असतं आणि तो मघाचंच दाखवत राहतो. आम्हाला वाटतं, सगळं ठीक आहे.

“म्हंजे आत येक आन् भाईर येक?”

“हो.”

“आन् मानूस?”

“वेळेवर कळलं नाही तर जातं.”

काकींनी शेंग फोडली, दाणे ओटीत टाकले. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही.

“काकी, तुमचं मन दुखवायचं नव्हतं. तुम्ही त्या यंत्राला ओवाळता—”

“मी व्हय?” त्यांनी वर पाहिलं. “मी ह्यांच्यासाटनं ओवाळती. त्या दिशी जरा तोंडावर हुशारी येती ह्यांच्या. न्हाईतर बसत्यात ओसरीवर भिताडाकडं बगत.”

“आबा म्हणत होते, तुमच्यासाठी—”

“म्हनत आसतील.” काकींनी आणखी एक शेंग फोडली. मग विचारलं, “त्या बाईचं आपरेशन सकाळी हाय न्हवं?”

“सकाळीच.”

“बरं,” म्हणाल्या आणि आल्या तशा मागल्या दारानं गेल्या.

मंगळवारी सकाळी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. एक गोष्ट पक्की ठरवून गेले होते: वेळ आलीच तर सरळ थिएटरमध्ये शिरायचं, ट्रेमधला कॅमेरा उचलायचा आणि चालू लागायचं. मग खुशाल पोलिसांत द्या, नाहीतर पेपरात छापा. या गावातलं माझं काम बंद पडलं असतं, ते पडू दे. कोरे आलेला होता, हातमोजे चढवत होता. मुमताज हिरवा झगा घालून बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि मला बघून हसली. मी दाराला हात घातला आणि मागून कमल सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली, “मॅडम, काकी आल्यात.”

शेवंताकाकी जिना चढून येत होत्या. नवं लुगडं, हातात आरतीचं ताट, काखेत कापडी पिशवी. एकट्याच.

माळवदे लगबगीनं पुढं झाले. “काकी, आज? तिथी तर उन्हाळ्यात असते ना?”

“मनात आलं,” काकी म्हणाल्या. “ओवाळायचं हाय.”

“आत्ता ऑपरेशन आहे, काकी.”

“मग आदीच ओवाळलेलं बरं न्हवं?”

त्या बाईला आजवर त्या हॉस्पिटलात कुणी ‘थांबा’ म्हटलेलं नव्हतं. दर वर्षीसारखं स्टूल व्हरांड्यात आणलं गेलं. त्यावर सिस्टरनं कॅमेरा आणून ठेवला, पेटीसकट. काकींनी निरांजन लावलं. सिस्टर हळूच म्हणाली, “काकी, कुंकू नको हं.” काकींनी बोटभर कुंकू घेतलं आणि थेट पडद्यावरच लावलं.

“आता काय बिघडायचं ऱ्हायलंय त्याचं?” त्या म्हणाल्या.

ओवाळून झालं. ताट त्यांनी सिस्टरच्या हातात दिलं. मग पिशवीतनं कोरा खण काढला, कॅमेरा त्यात लेकराला गुंडाळावं तसा गुंडाळला, पेटीत ठेवला, पेटी पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली. हे सगळं इतकं सावकाश चाललं होतं, की काय होतंय ते आम्हाला त्या चालायला लागल्यावर कळलं.

“काकी!” माळवदे ओरडलेच. “ते कुठं नेताय?”

“घरला. माझ्या पोराचं हाय, घिऊन चालले.”

“अहो, ते आत्ता लागणार आहे!”

“कुनाला?”

माळवदेंनी बाकाकडं बोट केलं. काकी मुमताजजवळ गेल्या, तिची हनुवटी वर करून गळ्याची गाठ बघितली.

“पोरं किती गं?”

“दोन.”

“मिरजंला जा, बाई. हितं नको.”

मुमताजनं नवऱ्याकडं पाहिलं आणि उठून उभीच राहिली. डॉक्टरांचं न ऐकणारी माणसं आमच्याकडं फार नाहीत, पण अशा आईचं न ऐकणारी त्याहून कमी. माळवदे माझ्याकडं वळले, लालबुंद.

“हे तुम्ही शिकवलंत!”

“मी फक्त सांगितलं, सर. तेही तुम्हाला सांगूनच गेले होते.”

मग, त्यांच्या बाजूनं हेही सांगायला हवं, त्यांनी ऑपरेशनची टोपी काढली आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं. मिरजेला फोनही स्वतःच लावला. मुमताजचं ऑपरेशन तिथं झालं. नळी घालायला तिथल्या मोठ्या डॉक्टरांनाही घाम फुटला म्हणे, पण गेली. आज इतक्या वर्षांनीही ती बाजारात बसते आणि माझे हात जाड झालेत म्हणून मला चिडवते.

मी काकींच्या मागोमाग खाली उतरले. पेटी मी डीलरकडं पोचवते, हे त्यांना सांगायचं होतं. अंगणातल्या कडुलिंबाखाली गाठलं, तोवर फाटकातून आबा आले. घरात काकी नाहीत, पिशवी नाही, आरतीचं ताट नाही, हे बघून स्कूटर हाणत आले असणार. स्टँडसुद्धा नीट न लावता ते आमच्यापुढं येऊन उभे राहिले.

“काय चालवलंय तू? दे ती पिशवी!”

“न्हाई देत.”

“येड लागलंय का तुला? पोराचं नाव काढून आनलंस दवाखान्यातनं!” त्यांचा आवाज फाटला. ते माझ्याकडं वळले. “मॅडम, तुमी सांगा हिला. त्या दिशी ह्यो कॅमेरा हितं आसता, तर माझा उमेश वाचला आसता का न्हाई? सांगा!”

मी तिथं नव्हते, असं म्हणायला तोंड उघडलं, पण काकी माझ्याआधी बोलल्या.

“नसता वाचला.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

“मला कळतंय.” काकींनी पिशवी पोटाशी धरली. “टेंपोतच गेला त्यो. फाट्याच्या अलीकडं. माझ्या मांडीवर हुता. हितं आनला, डाक्टर लोकं नळी घालाय लागली, धावपळ झाली, तवा मला म्हाईत हुतं. मी बोलली न्हाई. त्येंचं त्येंला करू दिलं.”

आबांनी स्कूटरचं हँडल धरलं.

“तुमी दोन दिसांनी सेलमवरनं आलासा. दारातनं पयलं काय इचारलंसा? काय कमी पडलं, म्हनलासा. कुनीतरी म्हनलं, तसलं मशीन हितं न्हवतं. मग तुमी मशीनच्या मागं लागलासा. जेवाय लागलासा. हिंडाय-फिराय लागलासा. तुमाला तेवढंच घावलं हुतं धराय, ते मी कसं काढून घ्यायचं?” त्या थांबल्या. “पर त्येच्या नावावर आता कुनाची तरी आई मरायला नगं.”

ॲम्ब्युलन्स आवाज करत फाटकातून बाहेर पडली. आम्ही तिघंही बाजूला सरलो. ती गेल्यावर आबा झाडाच्या पारावर बसले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मी रडत होते, हे मला नंतर कळलं.

“टेंपोत,” आबा म्हणाले, “बोलला का काय?”

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलंच नसणार. काकी त्यांच्याशेजारी पारावर टेकल्या.

“बोलला.”

“जबडा मोडला हुता न्हवं?”

“तरी बोलला. मला कळलं.”

“काय?”

“आबा निगालं का, म्हनला.”

आबांनी मान वर केली नाही. “मग? तू काय सांगितलंस?”

“म्हनलं, निगालेत. वाटंत हाईत.”

“मग?”

“‘मग थांबतो,’ म्हनला.”

कडुलिंबावर कावळे ओरडत होते. आबांनी काकींच्या मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी उचलली. थोडा वेळ ती तशीच धरून ठेवली. मग उठले आणि माझ्या हातात दिली.

“घिऊन जावा, मॅडम,” ते म्हणाले. “देऊन टाका त्येंचं त्येंला.”